येईल, वहिनी

१

"वकीलबाई, माझ्या पोराला मारायला निघालेत. कागदावर."

एवढं बोलून मालन चुरी माझ्यासमोरच्या खुर्चीत बसली आणि पिशवीतून कोर्टाचं समन्स काढून टेबलावर ठेवलं. २००१ सालचा श्रावण सरत आला होता. बाई गास गावची, वाडीवाल्यांच्या घरातली. पन्नाशी उलटलेली, हाताला भाजी खुडून खुडून हिरवट डाग पडलेले.

मी वसुंधरा सावे. वसईच्या कोर्टात माझी उमर गेली. बाररूममध्ये माझ्यामागे मला लवंगी मिरची म्हणतात, हेही मला ठाऊक आहे. म्हणोत बापडे. पण त्या दिवशी ते समन्स मी दोनदा वाचलं.

मालनचा एकुलता एक मुलगा जितेश सात वर्षांपूर्वी, चौऱ्याण्णवच्या शिमग्याच्या आधी, नाहीसा झाला होता. सात वर्षं ज्याची काही खबरबात नाही, तो मेला असं कोर्टाला धरता येतं. तसा तो धरावा, म्हणून दावा लावला होता त्याच्याच चुलत भावाने, विलासने. वाडीच्या सातबाऱ्यावर जितेशचं नाव होतं. तो कागदावर जिवंत असेतो वाडी बिल्डरला विकता येत नव्हती.

"तुमचे दीर काय म्हणतात?" मी विचारलं. समन्समध्ये प्रतिवादी दोघे होते, मालन आणि विलासचा बाप हिरामण.

"भावोजी माझ्या बाजूने आहेत. पोटच्या पोराशी भांडले माझ्यासाठी. माझे मालक काविळीने गेले, तेव्हा जितू एवढासा होता. बापाची माया भावोजींनीच लावली त्याला." ती थांबली. "रोज दिवेलागणीला विचारते मी त्यांना, येईल ना हो? म्हणतात, येईल, वहिनी. त्या दोन शब्दांवर दिवस ढकलते."

"आणि तो गेला कशामुळे?"

तिने खिडकीबाहेर पाहिलं. मग सगळं सांगितलं. जितेशचं शेजारच्या आळीतल्या सुझानवर मन बसलं होतं. ते घर ख्रिस्ती. मालनला ते खपलं नाही. दुपारी मायलेकांची जुंपली आणि ती बोलून गेली, "तिच्याशी लग्न करायचं तर परत या घरात पाय ठेवू नकोस." पोराने दोन कपडे पिशवीत कोंबले. पाचूबंदरच्या कोळीवाड्यात दोस्ताकडे, अँथनीकडे जातो, त्याच्या होडीवर जाईन, चार दिवस मला शोधू नका, असं म्हणून गेला. तो गेलाच.

"पाय ठेवू नकोस म्हटलं, आणि त्याने ठेवला नाही," मालन म्हणाली. "मेला की जिता, ते कोर्ट ठरवील. मला एकच कळू दे, बाई. तो माझ्या बोलण्यावर घर सोडून गेला का? एवढं कळलं तर मी सुखाने मरेन. नाहीतर दुःखाने मरेन, पण कळून मरेन."

दावा कसा लढवायचा ते मला दिसत होतं. या सात वर्षांत त्याची कुठे का होईना खबर होती एवढं दाखवलं, की समोरच्याचा दावा पडला. मी म्हटलं, "तुमचा मुलगा जिवंत आहे, असं धरूनच मी चालणार."

वकिलाने असं बोलू नये. पण बोलून गेले.

२

विलास मला कोर्टाच्या आवारातच भेटला. एव्हरशाईन सिटीत फ्लॅट, अंधेरीला नोकरी, शर्ट इस्त्रीचा. समोरच्या पक्षाशी मी एरवी चहाही घेत नाही, पण हा स्वतःहून आला.

"मॅडम, सगळे मला व्हिलन समजतात. जितेश माझ्याहून लहान. खांद्यावर बसवून जत्रेला नेलाय मी त्याला. पण किती वर्षं थांबायचं? काकू अर्धी झाली. बाबा तर पूर्ण येडे झालेत."

"म्हणजे?"

"वाडी विकायची म्हटलं की अंगावर येतात. वाडीच्या मागच्या कोपऱ्याला तर मला कुदळ लावू देत नाहीत. आणि लाईट! जितेश गेला त्याच साली बाबांनी वाडीतली लाईट कापून घेतली. केळी उपटून टाकल्या. सगळ्या गासमध्ये लोक मोटारीचं बटण दाबून पाणी देतात, आणि आमचे बाबा ते डिझेल इंजिन लावून धुरात खोकत बसतात. म्हणे बिल परवडत नाही. डिझेल परवडतं?"

मी हसले. म्हाताऱ्यांचे हट्ट मला नवे नव्हते. माझ्या घरातही एक हट्टी म्हातारा होता, नवरा म्हणून.

साक्षीची तयारी करायला मी एका रविवारी गासला गेले. पितृपक्ष चालू होता. सर्वपित्रीचा आदला दिवस. दुपारचं जेवण मी आगाशीला माहेरी उरकलं होतं. माझा धाकटा भाऊ स्कूटरवरून जाताना ट्रकखाली गेला, त्याचं पान आम्ही त्या दिवशी वाढतो. पोटात खीर आणि मनात त्याची आठवण, अशी मी मालनच्या ओटीवर जाऊन बसले.

मागच्या बाजूला वाडी. मोगरा, अळू, वालाचे मांडव, आणि पार शेवटी बावखल. वाडीला पाणी द्यायला खणलेली ही तळी वसईत घरोघर असायची. आता रोज एखादं बुजतंय आणि त्यावर इमारत चढतेय. बावखलाच्या काठावर हिरामणचं इंजिन धडधडत होतं. एकाएकी ते थांबलं.

"भावोजी पान ठेवायला गेले," मालन म्हणाली.

मी उठून पाहिलं. हिरामण, साठीचा, काटक, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. बावखलाजवळच्या रिकाम्या कोपऱ्यात त्याने केळीचं पान मांडलं होतं. भात, वडे, खीर. हात जोडून तो उभा होता, ओठ हलत होते. कावळा काही येत नव्हता.

"हे कुणाचं?"

"त्यांच्या कुठल्याशा आजोबाच्या भावाचं. दरवर्षी करतात. मला बोलावत नाहीत. कावळा फार वेळ घेतो त्या पानाला."

म्हणजे याही घरात कुणी आमच्या भावासारखा गेला असेल, असं मनात आलं आणि मला त्या म्हाताऱ्याविषयी उगाच आपुलकी वाटली. तो आला, पाय धुतले, माझ्यापाशी बसला.

"बाई, काय वाटेल ते करा," तो म्हणाला, "पण पोराला मेलेला ठरवू देऊ नका. वहिनी नाही जगायची."

असा साक्षीदार मिळाला की वकिलाने देवाला नारळ फोडावा. मी त्याला म्हटलं, "काका, तुम्हीच माझा हुकमाचा पत्ता." त्याने मान खाली घातली.

निघताना मी मालनला विचारलं, पोलिसांनी त्या वेळी कुठे कुठे शोधलं? ती म्हणाली, "पाचूबंदरला. त्या अँथनीला चार दिवस आत ठेवलं. होडीवरून पडला असेल आणि यांनी लपवलं असेल, असं म्हणत होते."

"इथे, वाडीत?"

"इथे कशाला? तो तर इथून गेला होता ना."

३

पाचूबंदरला सकाळचा मासळीचा लिलाव आटपत आला होता. किल्ल्याच्या भिंतीपाशी अँथनी जाळं विणत बसला होता. चाळिशीतच केस पिकलेले. माझा काळा कोट पाहून त्याने विणणं थांबवलं नाही.

"आता काय नवीन? मारून झालं, विचारून झालं. समुद्राला विचारा."

"मी पोलिसांची नाही. मालनची वकील आहे."

मालनचं नाव ऐकून तो नरमला. "मावशी बरी आहे? बाजारात दिसली की मी गल्ली बदलतो. तिच्या तोंडाकडं बघवत नाय."

"तो होडीवरून पडला का, अँथनी?"

"होडीवर चढलाच नाय तर पडेल कुठून? पोलिसांना बी हेच बोललो. त्यांनी ऐकलं नाय. संध्याकाळी आला, इथं, या दगडावर बसला. मी म्हटलं, भरतीला निघू. तो गप. मग म्हणतो, अंतोन, मी नाय येत. आईला तसं सोडून आलो ते बरं नाय केलं. पिशवी उचलली आनि निघाला."

"कुठे?"

"माझी पैज, सुझानकडं. तिला सांगितल्याबिगर तो पानी बी पीत नव्हता."

"हे पोलिसांना सांगितलंस?"

अँथनीने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "पोरीचं नाव पोलिसांत द्यायचं? तिचा बाप प्लासिड कापून टाकील तिला. मार खाल्ला, पन नाव नाय दिलं."

मी परत निघाले तेव्हा ऊन चढलं होतं. सात वर्षं सगळ्यांनी समुद्रात शोधलेला मुलगा समुद्राकडे पाठ करून निघाला होता.

४

सुझान आता दोन मुलींची आई होती. नवऱ्याबरोबर नालासोपाऱ्याला राहत होती. आजारी बापाला बघायला दर रविवारी माहेरी यायची. मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, सुटल्यावर तिथल्याच आवारात मी तिला गाठलं. आधी ती ओळखच देईना. मालनचं काम आहे म्हटल्यावर मुलींना नवऱ्याच्या हाती दिलं आणि भिंतीच्या आडोशाला आली.

"तिनेच त्याला माझ्यापासून तोडलं," ती म्हणाली. "आता तिला काय हवंय?"

"तो शेवटचा कुणाला भेटला, ते हवंय."

तिने मुलींकडे एकदा वळून पाहिलं. मग एकदम बोलायला लागली, थांबवता थांबेना.

"मला भेटला. आमच्या घरामागे. पप्पा झोपले होते. म्हणाला, सुझान, मी तुलाच करणार. पण आईला रडवून नाही. घरी जातो, पाया पडतो, तिला समजावतो, हट्ट धरून बसतो. ती वितळेल, मला माहीत आहे. म्हणाला, सकाळी तुला सांगायला येतो. आणि वाड्यांमधून गेला, मागच्या वाटेने. हातात बॅटरी होती. मी कुंपणाशी उभी राहून उजेड बघत होते. फर्नांडिसांची वाडी झाली, मग चुरींची. बावखलापाशी उजेड दिसला आणि विझला. मला वाटलं, पोचला."

"आणि सकाळी?"

"आला नाही. मला वाटलं, आईने वितळवला त्याला. तिच्या मांडीवर डोकं ठेवलं असेल आणि मला विसरला असेल. मग ऐकलं की तो घरीच नाही. तेव्हा वाटलं, दोघींनाही कंटाळून कुठेतरी निघून गेला. मला मध्येच टाकून." तिने रुमालाने नाक पुसलं. "सात वर्षं मी त्याला शिव्या देतेय, मॅडम. मनातल्या मनात. मिस्सालासुद्धा."

"हे कुणालाच का नाही सांगितलंस?"

"कुणी विचारलं? सगळे समुद्रावर होते."

एक आई म्हणत होती, माझ्यामुळे गेला. एक मुलगी म्हणत होती, मला टाकून गेला. आणि पोरगा कुणालाच टाकून निघाला नव्हता. तो घराच्या मागच्या दारापासून हाकेच्या अंतरावर होता. तिथून पुढे त्याचं काय झालं, ते वाडीलाच माहीत असणार.

५

साक्षी सुरू झाल्या. सुझानचं म्हणणं मी मालनला अजून सांगितलं नव्हतं. अर्धं सत्य आईच्या हातात द्यायला माझं धाडस होईना.

हिरामण पिंजऱ्यात उभा राहिला. धुतलेलं धोतर, टोपी. त्याने छान साक्ष दिली. पोरगा गुणी होता, रागीट नव्हता, कुठेतरी असेल, येईल. मालन मागच्या बाकावर बसून त्याच्या शब्दाशब्दाला मान हलवत होती.

मग विलासचा वकील उलटतपासणीला उठला. तरुण, चलाख. पोराने जिवाचं बरंवाईट करून घेतलं असावं, असं त्याला कोर्टाच्या मनात भरवायचं होतं.

"तुमच्या घराण्यात याआधी कुणी असं काही केलंय? विहिरीत उडी, गाडीखाली, काही?"

हिरामणला ते लागलं. त्याने मान वर केली. "नाय साहेब. आमच्या घरात तसलं कधीच नाय. आजा, पणजा, त्यांचे भाऊ, माझा बाप, माझा भाऊ, माझी बायको. सगळी आपापल्या अंथरुणावर गेली. पान्यात नाय, आगीत नाय, अपघातात नाय. देवाची कृपा आहे."

"नक्की?"

"पाच पिढ्या तोंडपाठ आहेत मला. दरसाल पितरांना घास मीच घालतो."

वकील बसला. न्यायाधीश माझ्याकडे वळले. "सावेबाई, फेरतपासणी?"

मी उभी राहिले. प्रश्न तयार होता, पण तो राहिला. माझ्या डोळ्यांपुढे आगाशीचं माहेर आलं. माझ्या भावाचं पान आम्ही सर्वपित्रीला वाढत नाही. त्याच्या तिथीलाही नाही. आदल्या दिवशी, चतुर्दशीला वाढतो. कारण पितृपक्षातली चतुर्दशी अवचित, घाताने गेलेल्यांची. तो दिवस दुसऱ्या कुणाचा नसतो. जो अंथरुणावर मेला, त्याला त्या दिवशी कुणी जेवू घालत नाही.

"सावेबाई?"

"पुढची तारीख द्या, साहेब," मी म्हटलं. "मला बरं वाटत नाही."

ते खोटं नव्हतं. मागच्या बाकावरून मालन मला खुणेने विचारत होती, छान झाली ना साक्ष?

६

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गासला गेले. ओटीवर मालन चवळी निवडत होती. मी तिला म्हटलं, आधी काकांशी थोडं बोलते, आणि वाडीत गेले. हिरामण इंजिनपाशी होता. मी त्याला ते बंद करायला सांगितलं.

"काका, चतुर्दशीला कुणाला जेवू घालता?"

त्याने टॉवेलने हात पुसले. "आजोबाच्या भावाला."

"तो अंथरुणावर गेला. काल शपथेवर सांगितलंत."

तो टॉवेल झटकून इंजिनाकडे वळला. तेव्हा मीच बोलत गेले, कोर्टात बोलते तशी, एकेक करून. आत रडू दाटलं की मला असंच बोलता येतं.

"तुमच्या घरात अपघाताने कुणी गेलेलं नाही. तरी तुम्ही चतुर्दशी पाळता. म्हणजे कुणीतरी अपघातानेच गेलंय, जे बाकी कुणाला माहीत नाही. घरातलं हिशेबात नसलेलं माणूस एकच. येईल म्हणता त्याला, आणि पान वाढता. सगळं तुम्हाला माहीत होतं, तो मेला हेही आणि कसा मेला हेही. अँथनी म्हणतो, तो होडीवर चढला नाही. सुझान म्हणते, तो मागच्या वाटेने घरी निघाला, बावखलापाशी बॅटरी विझली. बावखलात बुडाला असता, तर चार दिवसांत वर आला असता. मग ही तुमची लाईट. पोरगा गेला त्याच साली कापली. खिशाला परवडत नाही म्हणून धूर गिळत बसणारा माणूस मी पाहिला नाही. तुम्हाला विजेच्या बटणाला हात लाववत नाही, काका. आणि केळी उपटल्यात. केळींभोवती काय लावलं होतंत?"

हिरामण इंजिनच्या कट्ट्यावर बसला. जमिनीकडे बघत म्हणाला, "तार."

"कसली?"

"उघडी. पंपाच्या खोलीतून करंट दिला होता. रात्री घड कापून न्यायचे चोर. त्या दिवशी संध्याकाळीच लावली. जितू पाचूबंदरला गेलाय, चार दिवस येत नाय, असं वहिनी बोलली होती. घरात दुसरं कोन रात्री वाडीत जातं? वहिनीला सकाळी सांगनार होतो, तिकडं जाऊ नको म्हनून." तो थांबला. "पहाटे बटन बंद करायला आलो. चोर पडलाय असं वाटलं. बरा सापडला, असं बोललो सुद्धा. मग जवळ गेलो."

मीही त्या कट्ट्यावर बसले.

"ओरडायचं होतं," तो म्हणाला. "तोंड उघडलं, आवाज निघेना. घरात वहिनी उठून चूल पेटवत होती, धूर दिसत होता. तिला काय सांगू? तुझा पोरगा मी मारला? त्याच कोपऱ्यात मातीत ठेवला त्याला. दुपारी सांगू म्हटलं. मग उद्या. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, येईल ना हो भावोजी? माझ्या तोंडून निघून गेलं, येईल, वहिनी. एकदा बोललो, मग रोज बोलावं लागलं. बाई, ती त्याच्यावर जगत होती."

"जगत नव्हती," मी म्हटलं. मला राग आवरला नाही, आवरायचाही नव्हता. "ती रोज स्वतःला फाशी देत होती. मी बोलले म्हणून पोर गेलं, असं म्हणत. तुम्ही समोर बसून तिच्या हातचं जेवत होतात आणि ऐकत होतात. पोराचा जीव अपघाताने गेला, काका. तिचा तुम्ही घेतलात, थोडा थोडा."

त्याने ते मान्य केलं. मान हलवली.

"मग ते पान तरी कशाला वाढलंत? ते नसतं तर मला काही कळलं नसतं."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू हा प्रश्न कुणी विचारूच कसा शकतं. "पोराला उपाशी ठेवू?"

७

मी त्याला म्हटलं, पोलीस चौकीत तुम्ही माझ्याबरोबर येणार, आजच. पण आधी तिला सांगायचं, आणि ते तुम्ही सांगायचं. तो उठला. वाडीतून आम्ही ओटीवर आलो.

मालनने मान वर केली. "काय हो भावोजी? चहा टाकू?"

हिरामण तिच्यासमोर उभा राहिला. ओठ हलले, पितरांसमोर हलत होते तसे. तो खाली बसला, तिच्या पायांपाशी, आणि डोकं जमिनीला टेकवलं. धाकट्या दिराने वहिनीच्या पाया पडण्यात नवल नाही. पण तो उठेचना.

मालनने माझ्याकडे पाहिलं. तिच्या मांडीवरचं सूप घसरलं, चवळी ओटीभर झाली.

मी सांगितलं. तार, बटण, पहाट, तो कोपरा. काही गाळलं नाही. ऐकताना तिने एकदाही मला थांबवलं नाही. हात पुन्हा पुन्हा पदरावरून फिरत होता, जणू काही सांडलंय आणि पुसायचंय.

"म्हणजे तो इथेच होता," ती म्हणाली.

"हो."

"मी तिथून दोन पावलांवर भाजी खुडते. रोज."

मग ती हिरामणकडे वळली. आवाज चढवला नाही. "सात वर्षं तुमच्या पुढ्यात ताट ठेवलं मी. तुमच्या आजारात रात्री जागले. आणि तुम्ही मला रोज म्हणत होतात." पुढचं तिला उच्चारवेना.

हिरामण जमिनीला कपाळ लावून तसाच होता. त्याचे खांदे हलत होते.

"वकीलबाई," ती म्हणाली, "तो जात होता की येत होता?"

"येत होता. अँथनीला म्हणाला, आईला सोडून आलो ते बरं नाही केलं. सुझानला म्हणाला, घरी जातो, आईच्या पाया पडतो."

"ती दोघं काय, मला बरं वाटावं म्हणूनही सांगतील. कदाचित आला असेल आणि घर बघून परत फिरला असेल. माझे शब्द आठवून."

यावर माझ्याकडे पुरावा नव्हता. उजेड विझला तोवरचं मला माहीत होतं. त्या शेवटच्या पावलाचा साक्षीदार जगात एकच होता, आणि तो तिच्या पायांशी पडला होता. तिलाही ते कळलं. ती पुढे वाकली.

"भावोजी, वर बघा."

त्याने वर पाहिलं.

"सकाळी तुम्ही त्याला पाहिलात, तेव्हा त्याचं तोंड कुणीकडे होतं? मला खोटं सांगू नका आता. तेवढं तरी नको."

हिरामणने डोळे मिटले. तो पुन्हा ती पहाट बघत होता, ते मला दिसलं. घाई केली नाही त्याने.

"घराकडं, वहिनी," तो म्हणाला. "तारेच्या आत पडला होता. एक हात घराकडं पसरलेला."

मालनने मान हलवली, एकदा, दोनदा. मग ती रडायला लागली. पोर जिवंत असताना रडू नये, म्हणून इतकी वर्षं तिने डोळ्यांतून पाणी काढलं नव्हतं. मी तिच्या शेजारी चवळीतच बसले. तिने माझा हात धरला आणि "येत होता" एवढंच म्हणत राहिली, आणि मी प्रत्येक वेळी "हो" म्हणत राहिले.